बाळंतविडा घेऊन साल्सा शिकायला

इंदूरच्या विमानतळावर मला सोडायला आईबरोबर राजेंद्र नगरातल्या बायका आल्या होत्या, दोन गाड्या भरून. आमच्या कॉलनीला परदेशी जाणाऱ्याला निरोप द्यायची भारी हौस. शेजारच्या सुमनकाकूंनी माझ्या हातात नारळ ठेवला. विमानात नारळ चालत नाही म्हटल्यावर तो परत घेऊन त्यांनी खडीसाखरेची पुडी दिली आणि म्हणाल्या, "मधूला सांग, सव्वा महिना कान बांधूनच रहा म्हणावं. उधर तर बर्फ असतो ना गं. आणि लाडू रोज एक, बिलकुल नागा नको."

मी मान हलवली. माझ्या मोठ्या बॅगेत डिंकाचे लाडू होते, अळीव, ओवा आणि बाळंतशेपा होत्या, जुन्या मऊ साड्यांची दुपटी होती, दोन टोपडी, एक कुंची आणि कुणीतरी दिलेली चांदीची वाळी होती. सुमनकाकूंनी डिंक आणि खारीक खास सियागंजाच्या बाजारातून निवडून आणली होती. या सगळ्याच्या खाली, बॅगेच्या तळाशी, पिशवीत गुंडाळून ठेवलेले माझे नाचाचे बूट होते.

कारण मी चालले होते कोलंबिया देशातल्या काली नावाच्या शहराला, स्पॅनिश शिकायला आणि साल्सा नाचायला. बाळंतपण कुणाचंच नव्हतं. माझी धाकटी बहीण मधू टोरांटोला असते. तिला मूल होणार नाही, हे तिनं आणि तिच्या नवऱ्यानं बरेच दवाखाने पालथे घातल्यावर कधीच मान्य केलं होतं. हे मला ठाऊक होतं आणि आईलाही. दोन गाड्या भरून आलेल्या बायकांना मात्र ठाऊक नव्हतं.

आत जाताना मी वळून पाहिलं, तर आई सगळ्यांच्या मागे उभी होती, पदर तोंडाशी धरून. ती रडतेय असं बायकांना वाटलं. मला माहीत होतं, ती घाबरली होती.

तुम्हा इंदूरकरांपैकी जे तिथेच राहिले त्यांना यातलं थोडंफार ठाऊक आहे, पण उलटसुलट. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना वेगळंच काहीतरी ठाऊक आहे. म्हणून एकदा नीट सांगते.

मी शाळेत गणित शिकवायचे. लग्न केलं नाही. जमलं नाही म्हणा, केलं नाही म्हणा, चाळिशी उलटल्यावर दोन्ही एकच. बाबा गेल्यावर घरात आई आणि मी. कंबर धरायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले, जरा हालचाल करत जा. म्हणून मी विजय नगरात एका मिठाईच्या दुकानावरच्या हॉलमध्ये व्यायामाच्या क्लासला नाव घातलं. शनिवारी तिथे साल्सा असायचा. मी कोपऱ्यात उभी राहून बघायचे आणि एका शनिवारी उभी राहिले ती नाचूनच घरी आले. तिथले सर मला म्हणायचे, "मैम, गिनती मन में कीजिए, होंठ हिल रहे हैं आपके." गणिताच्या बाईला आणखी काय जमणार! पण त्या तासाभरात मी कुणाची मुलगी नव्हते, कुणाची बाईही नव्हते. घामानं निथळत जिना उतरताना मला इतकं हलकं वाटायचं, की खाली मिठाईवाला "दीदी, आज खूब खुश हो" म्हणाला तरी राग यायचा नाही.

राग एकाच गोष्टीचा यायचा. गाण्यातले शब्द कळायचे नाहीत. गाणारा रडतोय की थट्टा करतोय हे न कळता मी आपली गिरक्या घेत होते. म्हणून स्पॅनिश. कालीतल्या लूस नावाच्या बाई ऑनलाइन शिकवायच्या. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. आई चहा घेऊन यायची, पडद्यावर लूस दिसली की पदर सावरायची आणि तिला मान लववून नमस्कार करायची. लूस तिकडून हात हलवायची. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नसे, पण एखाद्या दिवशी आई आली नाही तर लूस विचारायची, आज सेन्योरा कुठे आहेत?

एक दिवस लूसच म्हणाली, माझ्या घरात वरची खोली रिकामी आहे. इथे ये, इथली म्हातारी माणसंसुद्धा तुझ्यापेक्षा बरी नाचतात. त्यानंतर मी कित्येक महिने दुसरं काही केलं नाही. शाळेतून लांब रजा, दिल्ली-माद्रिद-बोगोटा असा वळसा घालणारं तिकीट, व्हिसाचा अर्ज. नुसता व्हिसा यायचा राहिला तेव्हा आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"म्हणजे कोर्स आहे का?"

"हो, कोर्सच."

"मग त्यानं नोकरी-बिकरी?"

"नाही गं. आवडतं म्हणून चाललेय."

ती पुन्हा मेथीकडे वळली. जुडी संपवून म्हणाली, "गावाचं नाव तरी देवीचं आहे." माझ्या आईकडून याला होकार म्हणायचं की नाही, हे मला तेव्हा कळलं नाही.

आमच्या घराण्याला गाव सोडणं नवीन नाही. आजोबा साताऱ्याकडून इंदूरला गिरणीत कारकून म्हणून आले, चार वर्षं काढून परत जाऊ म्हणत आले आणि इंदूरच्याच मातीत मिळाले. त्यांना कुणी विचारलं नाही, कारण पोट हे कारण सगळ्यांना पटतं. आजी त्यांच्यामागून आली. आई ग्वाल्हेरहून लग्न होऊन आली. मधू नवऱ्याच्या नोकरीमुळे टोरांटोला गेली. आमच्याकडच्या बायका गाव सोडतात, खुशाल सोडतात, सातासमुद्रापलीकडेही जातात, पण कुणासाठी तरी. नवऱ्यासाठी, नातवासाठी, कुणाच्या आजारपणासाठी. मी कुणासाठीही चालले नव्हते आणि आईपाशी त्यासाठी शब्दच नव्हता. कॉलनीत तो कुणापाशीच नव्हता. "अनू बाहेर चाललीय" एवढंच ती सांगायची आणि विषय बदलायची.

मग तो बुधवार आला. इंदुरातल्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. खजरान्याच्या गणपतीला नवस बोलायचा तर देवळाच्या मागच्या भिंतीवर शेंदरानं उलटा साथिया, म्हणजे उलटं स्वस्तिक काढतात. इच्छा पुरी झाली की जाऊन तो सरळ काढायचा. आई मधूसाठी तिथे उलटा साथिया काढून आली होती, हे सगळ्या कॉलनीला वर्षानुवर्षं माहीत होतं. त्या बुधवारी सुमनकाकूंनी तिला मागच्या भिंतीशी सरळ साथिया काढताना पाहिलं. त्यांनी तिथेच विचारलं, "काय गं, खुशखबर? मधूकडची? म्हणूनच अनू चाललीय का?"

आई नुसती हसली.

बस. आमच्याकडे तेवढं पुरतं. संध्याकाळपर्यंत पेढे आले, दुसऱ्या दिवशी दुपटी. जिला परदेशी बाळंतपणाला जायचंय, तिच्याबरोबर प्रत्येक घरानं काही ना काही धाडायचं, ही आमच्या कॉलनीची रीतच आहे. आपण जाऊ शकत नाही, निदान आपला लाडू जाऊ दे, असा त्यामागचा जिव्हाळा. तो जिव्हाळा बघून मला आणखीनच संताप यायचा. मी आईवर तुटून पडले. नवस आधीच फेडून टाकला की देवाला लाज वाटेल आणि तो मूल देईल, असं तुला वाटतं का? मधूला कळलं तर तिचं काय होईल? आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांग.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तू निघून जाशील. मला इथेच राहायचंय."

  जाणाऱ्याला एकदाच जावं लागतं, राहणाऱ्याला रोज भाजी आणायला त्याच गल्लीतून फिरावं लागतं. तोंड उघडायचं तर आईनंच उघडायला हवं, एवढं बोलून मी बॅग भरायला लागले. म्हणून ती दुपटी बॅगेत.

माद्रिदच्या विमानतळावर, पुढच्या विमानाची वाट बघत असताना, मधूचा फोन आला. तिच्या नणंदेला इंदूरहून कुणीतरी अभिनंदन कळवलं होतं. नणंदेनं सासूला सांगितलं. सासूनं आनंदानं रडत रडत मधूला फोन केला. मधूला तिला सांगावं लागलं की असं काहीही नाही. सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मधू ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "ताई, मी फार कष्टानं त्यातून बाहेर आले होते गं. आईनं मला पुन्हा आत ढकललं." मग म्हणाली, "जसं पसरवलं तसं तिनं स्वतः निस्तरावं. घरोघर. तोपर्यंत मला तिच्याशी बोलायचं नाही." घरच्या ग्रुपमधून ती बाहेर पडली. रविवारचा आईला ठरलेला फोन बंद झाला. धाकटी आमची मऊ, पण एकदा अडली की बाबांसारखी, हलायची नाही.

तर असं ओझं घेऊन मी कालीत उतरले. उकाडा इंदूरच्या मे महिन्यासारखा, फक्त दमट. भाजीवाली पहिल्याच दिवशी मला "मी अमोर" म्हणाली, म्हणजे माझे लाडके, आणि शिळा पालक गळ्यात मारला. मला एकदम सियागंजात आल्यासारखं वाटलं. लूसच्या घरी सकाळी कोरी कॉफी, तिला इथे तिंतो म्हणतात, आणि मक्याची जाड भाकरी, अरेपा. मी तिच्यावर सेव भुरभुरून खाते. लूसनं आधी नाक मुरडलं, आता ती इंदूरहून सेव कधी येणार म्हणून विचारते. लाडवांचं मी काय केलं, हे सुमनकाकूंना अजून सांगितलेलं नाही. नाचाच्या क्लासात वाटले. बाळंतिणीचा खुराक खाऊन कालीची पंधरा-वीस माणसं अशी काही नाचली, की बाळाचे वडीलच वाटावेत. दुपटी मात्र मला कुणाला देववली नाहीत. कपाटात वरच्या फळीवर आहेत.

नाच मला वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी अवघड निघाला. काली म्हणजे पायांची नुसती विजेची गती. पण खरी अडचण पायांची नव्हती. मास्तर मला पुन्हा पुन्हा एकच सांगायचे, अंदाज बांधू नकोस. समोरच्याचा हात काय सांगतो त्याची वाट बघ, मग वळ. मी हात हलायच्या आधीच वळून मोकळी व्हायचे. आयुष्यभर तेच केलेलं. गणितात पुढची पायरी आधी दिसणं हा गुण असतो. घरातही आम्ही एकमेकींच्या मनातलं ओळखूनच जगलो, विचारलं कधी नाही. सुमनकाकूंनी आईच्या हसण्यावरून ओळखलं. मीही तिच्या साथियावरून ओळखलं होतं.

रविवारी दुपारी लूस मला एका हॉलमध्ये घेऊन गेली. तिथे फक्त वयस्कर माणसं नाचायला येतात. सत्तरीच्या बाया, लिपस्टिक लावून, उंच टाचांचे बूट घालून. एकीला चालताना काठी लागत होती. ती काठी तिनं खुर्चीला टेकवून ठेवली आणि नाचायला उतरली. माझ्या डोळ्यांतून पाणीच आलं. मी त्याचा व्हिडिओ आईला पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. मग फोनवर तिनं विचारलं, "ती काठीवाली... तिच्या घरचे काही म्हणत नाहीत?"

"म्हणतात ना. बूट नीट बांध, पाय मुरगळेल म्हणतात."

 मधूचं नाव तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही. पण ती प्रत्येक फोनच्या शेवटी थोडी थांबायची. मधूबद्दल मी काहीतरी सांगेन म्हणून ती थांबते, हे मला कळायचं. हिवाळ्यात टोरांटोचं आणि कालीचं घड्याळ एक असतं, त्यामुळे मधूशी मी रोज बोलायचे. "आई काही बोलली?" ती विचारायची. "नाही." "बरं." आणि आम्ही दुसरं काहीतरी बोलायचो. दोघी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना कान लावून बसल्या होत्या आणि मी मधली वीट.

मग एक दिवस सुमनकाकूंचा फोन आला. पहिलं मनात आलं, आईला काही झालं की काय.

"अगं, काही नाही, ठीक आहे ती. पण सुन तो. सकाळी माझ्याकडे आली. बस म्हटलं तर बसली नाही, पाणीसुद्धा नाही घेतलं. उभ्या उभ्या म्हणते, सुमन, मधूला बाळ नाही. होणारही नाही. अनू नाचायला गेलीय. मी तुला फसवलं. खुर्ची ओढून दिली तिला. मी म्हटलं, ठीक आहे, आता बस. तर म्हणते, नाही, अजून घरं बाकी आहेत. भर धुपात, एवढ्या उन्हात निघाली गं, गुडघे धरून."

आई सगळ्या घरी गेली. ज्या ज्या घरून काही आलं होतं, त्या प्रत्येक घरी. काहींनी समजून घेतलं. दोघींनी अजून तिच्याशी बोलणं धरलेलं नाही. एकीनं तोंडावर सुनावलं, की माझ्या नातवाच्या बारशासाठी ठेवलेली वाळी मी तुमच्या खोट्यासाठी दिली. आईनं तेही उभं राहून ऐकलं. सुमनकाकू दुसऱ्या दिवसापासून तिच्याबरोबर फिरल्या. बोलल्या काही नाहीत, नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या.

मी आईला फोन लावला. काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. म्हटलं, "पाय दुखतायत का?"

"दुखतायत." मग म्हणाली, "अनू, तुला एक सांगायचं राहिलं. त्या बुधवारी मी मधूचा साथिया सरळ नव्हता केला. मला समजत नाही का? इतकी काही वेडी नाहीये मी."

"मग कुणाचा?"

"तुझा. तुझा व्हिसा येत नव्हता ना. रोज मोबाईल उघडून बघायचीस आणि तोंड एवढंसं व्हायचं. म्हणून काढून आले होते उलटा. मग आला व्हिसा, तर सरळ करायला नको?"

 मी विचारलं, "गणपतीला काय सांगितलंस? अनूला कशाला जायचंय म्हणून?"

"नाचायला. त्याला कशाला खोटं सांगू?" ती म्हणाली. "देवाला सांगायला कसली लाज. सुमन समोर उभी राहिली तेव्हा जीभ रेटली नाही."

इतके महिने मी जिला भोळीभाबडी म्हणून रागवत होते, तिनं माझ्या नाचासाठी शेंदरात बोट बुडवलं होतं आणि अवाक्षर बोलली नव्हती. मी रडले, तिला ऐकू जाईल इतकी रडले. ती म्हणाली, "बस बस, फोनमध्ये पाणी जाईल."

मधूला हे सगळं मी सांगितलं नाही. सुमनकाकूंनी सांगितलं, त्यांच्या पद्धतीनं, मीठमसाला लावून. मधूनं लगेच फोन केला नाही. पुढच्या रविवारी केला, पूर्वीच्याच वेळेला. आई म्हणते, दोघी बराच वेळ टोरांटोच्या बर्फाबद्दलच बोलल्या. पण त्या डिसेंबरात मधू इंदूरला आली. नवऱ्याला घेऊन, महिनाभरासाठी. मी कालीतच होते. रजा संपली तेव्हा मी शाळेचा राजीनामा पाठवला होता आणि इथल्या एका शाळेत मुलांना गणित शिकवायला लागले होते, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये. परत कधी येणार, असं तुम्ही सगळे विचारता. मलाही अजून माहीत नाही. आजोबांसारखं चार वर्षं म्हणायचा मला धीर होत नाही.

एका सकाळी मी तिंतो घेत होते, तेव्हा मधूचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे संध्याकाळ होती. तिनं फोन ओसरीच्या कठड्यावर ठेवला होता आणि ती लसूण सोलत होती. मागे फाटकाशी आई कुणाशी तरी बोलत उभी होती. समोरच्या घरात नव्यानं राहायला आलेल्या एक बाई होत्या, आमचं काहीच ठाऊक नसलेल्या.

"छोटी वाली तो ये हुई," त्या म्हणत होत्या. "और बड़ी? सुमनजी बता रही थीं, विदेश में है?"

"कोलंबिया में," आई म्हणाली.

"अच्छा, अच्छा. हस्बंड के जॉब पे?"

"नहीं, शादी नहीं की उसने."

"तो पढ़ाई?"

मधूचा हात लसणावर थांबला. मीही कप खाली ठेवला. इथून मला आईची फक्त पाठ दिसत होती, आणि फाटकाच्या गजावर ठेवलेला हात.

"नाचने गई है," आई म्हणाली. आवाज थोडा चढाच होता, गल्लीत ऐकू जाईल इतका. "उसको अच्छा लगता है."

त्या बाई काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही, कारण मधू हसायला लागली होती आणि तिच्या हसण्यात रडणंही होतं. आई वळली, "काय झालं गं?" म्हणाली, आणि दोघी आत गेल्या. फोन कठड्यावरच राहिला, रिकामी ओसरी दाखवत. मी बराच वेळ ती बघत बसले.

इथे लोक विचारतात, तुझं घर कुठलं? मी अजूनही इंदूरच सांगते. आधी सवयीनं सांगायचे. आता सांगते ते यासाठी, की तिथे माझी आई आहे आणि कुणी विचारलंच तर मी कुठे आहे आणि कशासाठी आहे, हे ती खरं सांगते.